देणाऱ्यांना मुलगी हवी होती

१० जानेवारी २००३. संक्रांत तोंडावर आली होती आणि मी वसतिगृहाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून तिळगुळाची पाकिटं भरत होते. प्रत्येक पाकिटात हलव्याची एक पुडी, एक छापील कार्ड आणि कार्डावर आमच्या एखाद्या मुलीने लिहिलेल्या दोन ओळी. पुडी सैल राहिली तर पोस्टातच मुंग्या लागतात. चांगला काटेरी हलवा घेतला तर शिक्का मारताना त्याचं पीठ होतं आणि दात्याच्या हातात नुसती साखर पडते. म्हणून मी मुद्दाम काटा न आलेला, गोटीसारखा हलवा घ्यायची. तो स्वस्तही पडायचा.

इतक्या निगुतीने तिळगूळ पाठवणारी बाई फार प्रेमळ असेल असं वाटायचा संभव आहे. तसं नाही. ते माझं काम होतं.

आमचं वसतिगृह नाशिकच्या पेठ रोडला होतं, फक्त मुलींचं. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवरची माणसं भात कापून झालं की पिंपळगाव-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात, ती थेट उन्हाळ्यात परत जातात. पोरं बरोबर आली की त्यांची शाळा तुटते. म्हणून मुली आमच्याकडे राहायच्या आणि शहरातल्या शाळेत जायच्या. चाळीस मुली, एक स्वयंपाकीणबाई, एक रेक्टर आणि मी. सरकारी अनुदान मंजूर होतं, पण ते कधी हातात पडेल हे विचारणं आम्ही सोडून दिलं होतं. माझं पद कागदावर ‘व्यवस्थापक’. प्रत्यक्षात काम एकच: लोकांकडून मिळवायचं, आणि एकदा दिलेल्याकडून पुन्हा मिळवायचं.

यातलं पहिलं सोपं आहे. माणूस एकदा कधीही देतो. सुनेला दिवस राहिले, कोर्टातला दावा जिंकला, डॉक्टरांनी गाठ साधी आहे म्हणून सांगितलं, की हात खिशाकडे जातो. दुसऱ्यांदा द्यायला मात्र त्याला आपली आठवण राहावी लागते, आणि ती ठेवायला माझ्याकडे एक फोन, एक लुना आणि पोस्टाची तिकिटं एवढंच होतं. जाहिरात, समारंभ, चकचकीत अहवाल हे मोठ्या संस्थांचं. मी पावती आठवड्याच्या आत घरी पोचवायची. घरात कोणाचं काय दुखतंय ते विचारून लक्षात ठेवायची. आणि वर्षातून एकदा तरी अशा वेळी भेटायला जायची, की जेव्हा काहीच मागायचं नसे. लोकांना हे तिसरं सगळ्यात आवडतं. ते सगळ्यात जड जातं, कारण मागायचं नाही असा दिवस आमच्याकडे उगवतच नसे.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. गिऱ्हाइकं म्हटलेलं आमच्या अध्यक्षांना आवडत नसे, पण दुसरा शब्द मला सुचला नाही. पितृपक्षात जेवण घालायला रांग लागायची. सर्वपित्रीला तर एकाच दिवशी तीन घरांची खीर यायची आणि मुलींची पोटं बिघडायची. पुढे थंडीत, कोणाचेच पितर भुकेले नसताना, आम्ही आमटीत पाणी वाढवायचो. मी लोकांना सांगू लागले, तिथी पाळा, पण खिरीऐवजी जानेवारीत तेलाचा डबा द्या. एका गृहस्थांनी विचारलं, “आमचे वडील काय जानेवारीत जेवायला येणार आहेत का?” पुष्कळ लोक असे दुखावले. जे दुखावले नाहीत ते कायमचे आमचे झाले.

त्र्यंबकेश्वरला विधी उरकून परतणाऱ्या गाड्या कधी वाट वाकडी करून आमच्याकडे यायच्या. गुरुजींनी अन्नदान सांगितलेलं असायचं. मी पावतीसाठी पत्ता मागितला की चेहरा बदलायचा. पुण्य हवं असायचं, ओळख नको असायची. आणि एक बाई होत्या, त्यांनी मुलींसाठी शालू आणला, चौघींना आळीपाळीने नेसवून फोटो काढले आणि घडी घालून शालू परत नेला.

या सगळ्यांत नाना वेगळे होते. म्हणूनच त्यांच्यावर लिहायचं आहे.

पिंपळगाव बसवंतला हायवेलगत नानांचं कोल्ड स्टोरेज होतं, स्वतःच्या बागा होत्या. मी पहिल्यांदा गेले ती टाकाऊ खोकी मागायला. छपाई बिघडलेली द्राक्षांची पुठ्ठ्याची खोकी त्यांच्याकडे ढिगाने पडायची, आणि मुलींच्या वह्या-पुस्तकांना कपाट नव्हतं. माणसाला ज्याची किंमत नाही तेच आधी मागावं, हे मी तोवर शिकले होते. नाना हसले. म्हणाले, “ताई, पिंपळगावला येऊन कोणी खोकी मागतं का? मागायचं तर नीट मागा की.” खोकी दिली, आणि आठवड्याने टेम्पोभर तांदूळ, गहू, डाळ. तिथून पुढे दर महिन्याला टेम्पो. आठ वर्षं. दुष्काळी वर्षात, बागेवर गारपीट झाली त्या वर्षातही. नानांनी पाटी मागितली नाही, फोटो मागितला नाही. त्यांना मूल नव्हतं. काकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एवढंच म्हटलं, की एखाद्या मुलीने आम्हाला पत्र लिहीत जावं.

तेव्हा चौथीत असलेली जयवंती भोये बरं लिहायची, म्हणून तिला बसवलं. वर्षभराने काकींचा निरोप आला की पत्रात ‘काका-काकी’ नको, ‘आई-बाबा’ लिहिलं तर बरं वाटेल. आमच्या अध्यक्षांना, ते निवृत्त प्राध्यापक होते आणि सगळे त्यांना सरच म्हणत, मी हे सांगितलं. सर म्हणाले, “लिहू दे. आपलं काय जातंय?” जयवंती लिहू लागली. दिवाळीला काकी तिला परकर-पोलकं, पुढे ड्रेस पाठवायच्या. दोनदा तिला घरी राहायला नेलं. ती परत आल्यावर सांगायची, “काकी रात्री दोनदा उठून मला पांघरूण घालतात बाई. उकडून मेले.”

तर त्या दिवशी मी तिळगूळ भरत असताना नानांची जीप आत आली. बरोबर काकी, हातात पेढ्यांचा बॉक्स. जीप सहसा फोन करून यायची.

“काय ताई, लय काम काढलंय,” नाना म्हणाले आणि खुर्ची नको म्हणत सतरंजीवरच बसले. “आज घाईत नाही आलो. बसून बोलायचंय.”

“बोला की नाना.”

“जयवंतीसाठी स्थळ बघितलंय.”

मी पुडी बांधत होते, ती तशीच खाली ठेवली.

“मुलगा आपल्याच कोल्ड स्टोरेजला सुपरवायझर आहे. पेठकडचा. तिच्याच समाजातला बघितलाय हां, उगाच कोणी नाव ठेवायला नको. सुपारीचंही व्यसन नाही. अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरू म्हणतो.”

काकींनी पिशवीतून मखमली डबी काढली. काळी पोत आणि सोन्याच्या दोन वाट्या. “तिला मोठ्या नाही शोभणार, नाजूक मान आहे,” त्या म्हणाल्या. “ताई, आमच्या हातून एकदा कन्यादान होऊ द्या. बाकी देवाकडे काही मागणं नाही माझं.”

“काकी, तिची बारावीची परीक्षा तोंडावर आहे. त्यानंतर तिला नर्सिंगला जायचंय.”

“मग ते सासरी जाऊन करेल की,” नाना म्हणाले. “मी सांगतो ना मुलाला.”

“आणि तिचे आई-वडील?”

“त्यांनाही बोलवू. मानाने आहेर करू. गाडी पाठवू पाड्यावर.” नाना अगदी मनापासून बोलत होते. “जन्म दिला त्यांनी, त्याला कोण नाही म्हणतंय? पण भरवलं आपण ना ताई?”

‘आपण’ म्हणताना त्यांनी मलाही त्यात घेतलं होतं. रविवारी उत्तरासाठी येतो म्हणून ते गेले.

संध्याकाळी मी सरांकडे गेले. सरांनी चष्मा काढून पुसला. अवघड प्रसंगी ते तसंच करायचे.

“स्थळ वाईट आहे का?” त्यांनी विचारलं.

“स्थळ चांगलं आहे. तिला लग्न करायचं नाही.”

“सुमनताई, मुलींना अठराव्या वर्षी काय करायचं नसतं याची यादी मोठी आहे. एका मुलीच्या हट्टासाठी चाळीस जणींचं ताट पणाला लावायचं का? तुम्हीच सांगा. हे नातं तुम्हीच तर जोडलंत.”

‘लिहू दे’ असं तुम्हीच म्हणाला होतात, हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते दिलं असतं तर बोलणं तिथेच तुटलं असतं. मी म्हटलं, वडिलांना बोलावते, शेवटी पोर त्यांची आहे. सर म्हणाले, “बघा. पण जरा समजुतीने घ्या.” समजुतीने म्हणजे जयवंतीची समजूत काढून.

ती मी काढायला गेले नाही. तिला नुसतं काय झालं ते सांगितलं. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. ओढणी पिळत म्हणाली, “पत्रात लिहिलं म्हणून आई-बाप होतात का बाई? शाळेतून कलेक्टरला अर्ज लिहिला तेव्हा मी ‘आपली आज्ञाधारक’ लिहिलं होतं. मग काय त्यांच्याकडे भांडी घासायला जाऊ?”

“हे रविवारी बोलायचं नाही.”

“मग काय बोलायचं?”

“नर्सिंगला जायचंय एवढंच. तेवढंच, आणि पुन्हा पुन्हा.”

तिने ओढणी झटकून दोरीवर टाकली. मग म्हणाली, “काकींना वाईट वाटेल.” ओढणीची टोकं सारखी केली. “पण मी नाही म्हटलं तर यांना जेवायला कोण घालणार?” आणि व्हरांड्यात अभ्यासाला बसलेल्या लहान मुलींकडे तिने मानेने दाखवलं. सरांनी मला विचारलेलंच तिने विचारलं होतं. तिच्या तोंडून ते ऐकल्यावर मला सरांचा राग आला, कारण हा प्रश्न तिने सोडवायचा नव्हता. “ते माझं काम आहे,” मी म्हटलं. “तू परीक्षेचं बघ.”

रविवारी सगळे ऑफिसात बसले. एका बाजूला नाना आणि काकी, मध्ये सर, दाराजवळच्या बाकावर जयवंतीचा बाप, काशिराम. तो दिंडोरीजवळच्या एका बागेवरून थेट आला होता. द्राक्षघडांच्या विरळणीचं काम चालू होतं, कपड्यांना औषधाचा वास होता. नानांनी त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मग स्थळाची सगळी माहिती सांगितली. मला वाटलं होतं काशिराम ताडकन नाही म्हणेल. त्याने मुलाचं गाव विचारलं, कूळ विचारलं, आणि म्हणाला, “पोरगा बरा दिसतोय.”

सरांचा चेहरा खुलला. जयवंती भिंतीला टेकून उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं.

“मग ठरलं,” नाना म्हणाले. “खर्चाचं तुम्ही मनात आणू नका. कन्यादान आम्ही दोघं करू.”

“काय करू?”

“कन्यादान. मुलीचं दान. आम्ही आई-बापाच्या जागी बसू.”

काशिरामने टोपी काढून मांडीवर ठेवली. “मालक, आमच्यात पोर दान नाय करत. पोराकडचे येतात, मागणी घालतात, पोरीच्या बापाला देज देतात. पोर काय फुकट जात नाय.”

“देज मी देतो,” नाना म्हणाले. “किती म्हणाल तेवढं.”

“तुमी कसं देणार? पोराच्या बापाने द्यायचं असतं.” काशिराम खरंच गोंधळला होता. “आन लगीन माज्या दारात होईल. मांडव माजा. तुमी या की. पाहुणे म्हनून या.”

“पाहुणे?” काकी पहिल्यांदाच बोलल्या.

“तुमचे उपकार हायेत. पोरीला खाऊ घातलं. पण मी तिला शाळेत घातली होती, तुमाला दिली नवती.”

मी गंमत म्हणून सांगत नाही, पण पुढचा अर्धा तास त्या खोलीत मुलगी कोणी द्यायची यावरच वाद झाला. मुलगा दोघांनाही पसंत होता. नाना म्हणत, मांडव तुमचा असू द्या, दान आमच्या हातून. काशिराम म्हणे, दानच नसतं तर हातून काय? सरांनी तोडगा काढला की विधी दोन्ही पद्धतींनी करावेत. त्या तिघांत कोणीही भिंतीकडे पाहिलं नाही. शेवटी जयवंतीनेच मी सांगितलं होतं तेवढं सांगितलं.

“मला नर्सिंगला जायचंय.”

“अगं हो, ते होईल नंतर,” सर म्हणाले.

“मला नर्सिंगला जायचंय.”

“पोरी, मोठी माणसं बोलतात ना,” बाप म्हणाला.

“मला नर्सिंगला जायचंय,” तिने तिसऱ्यांदा सांगितलं आणि मग तिला रडू फुटलं. काकी उठून तिच्याकडे गेल्या, जवळ घ्यायला हात पुढे केला. जयवंती मागे सरली नाही, पण भिंतीला टेकलेली ती तशीच राहिली. काकींचा हात तिच्या खांद्यावर थोडा वेळ राहिला आणि मग त्यांनी तो स्वतःच काढला. एवढ्या लांबलेल्या बैठकीत खरं काय चाललंय ते त्या एकट्या बाईला कळलं असावं.

तेव्हा मी बोलले. मला वाटतं, बराच उशीर केला होता. “नाना, तुम्ही धान्य दिलंत, त्याची पावती मी दर महिन्याला दिली. जयवंती त्यात नव्हती. परीक्षा होऊ द्या, कोर्स होऊ द्या. त्यानंतर तिने आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचं. हे माझं नव्हे, संस्थेचं उत्तर समजा.”

“संस्थेचं उत्तर अध्यक्ष देतील,” सर म्हणाले.

“मग द्या ना सर.”

सरांनी चष्मा पुसायला घेतला.

नाना रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते हळूच म्हणाले, “ताई, या महिन्याचा टेम्पो निघालाय, तो येईल.” जाताना त्यांनी काशिरामला जीपमधून दिंडोरीपर्यंत सोडायची तयारी दाखवली आणि काशिराम त्यांच्याबरोबर गेलाही. त्या दोघांचं एकमेकांशी काही वाकडं नव्हतं. पेढ्यांचा बॉक्स काकी टेबलावरच विसरल्या होत्या. पोत मात्र परत नेली. तो टेम्पो आला. नंतरचा आला नाही.

लोक मला विचारतात, नाना वाईट निघाले का? नाही. मी भेटलेल्या देणाऱ्यांत ते सगळ्यात चांगले होते. ज्या बाईंनी शालू परत नेला त्यांच्याशी नातं टिकवायची गरजच पडत नाही. जो आठ वर्षं न चुकता देतो, त्याला एक दिवस वाटू लागतं की आपण आतले झालो, आणि आतल्या माणसाला पावती पुरत नाही. दात्याशी घरच्यासारखं नातं जोडा, असं आता प्रशिक्षणांमध्ये शिकवतात. मीही दोनदा शिकवायला गेले. घरच्यासारखं म्हणजे काय, ते तिथे कोणी विचारलं नाही.

जयवंती नर्स झाली. नोकरी लागल्यावर एकदा येऊन गेली. काकींना तिने कोर्सला असताना दोन पत्रं लिहिली होती, ‘काकी’ अशा मायन्याची. उत्तर आलं नाही. टेम्पो थांबला त्याच वर्षी जूनमध्ये आम्ही नव्या मुली घेऊ शकलो नाही, उलट मोठ्या इयत्तांमधल्या काही घरी पाठवल्या. काशिराम धाकटीला घेऊन आला होता, नवं दप्तर पाठीला लावून. त्याला मी दारातच जागा नाही म्हणून सांगितलं. “मोठीला घेतली होती,” तो म्हणाला. मी म्हटलं, तेव्हा धान्य येत होतं. त्याला त्या धान्याचा आणि त्या रविवारचा संबंध लागला की नाही, मला ठाऊक नाही. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. धाकटी त्या हिवाळ्यात आई-बापाबरोबर बागेवर गेली. पुढची तीन-चार वर्षं आम्ही कशीबशी काढली, मग वसतिगृह बंद झालं. सर शेवटपर्यंत म्हणत राहिले की माणसं जपता आली नाहीत. माणसं म्हणजे कोण, हे त्यांनी कधी फोडून सांगितलं नाही.

पण त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की महिन्याभराने कोठी रिकामी होणार. मी लुना काढली आणि द्वारका चौकाजवळच्या एका प्लायवूडच्या व्यापाऱ्याकडे गेले. कधीकाळी त्यांनी एका वाढदिवसाचं जेवण दिलं होतं. दुकान नुकतंच उघडलं होतं, नोकर झाडत होता. मी तांदूळ मागितला.

“मुलींकडून पत्रंबित्रं येतात का?” त्यांनी विचारलं. “आमच्या मिसेसना फार हौस आहे.”

“येतात.”

“काय लिहितात?”

“तांदूळ मिळाला, असं लिहितात.”

“बस?”

“कोणत्या तारखेला मिळाला तेही लिहितात.”

ते हसले. नोकराला चहा सांगितला, मग म्हणाले, “बघू.” आमच्या धंद्यात त्याचा अर्थ नाही असा होतो. मी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि उठले नाही.